लोहमार्गाच्या कडेची पाऊलवाट

मनमाडहून परभणीकडे येणाऱ्या आगगाडीत खिडकीशी जागा मिळालेल्या प्रवाशाने सेलू स्टेशन सुटल्यावर जरा खाली पाहावे. दूरवर पाहण्याजोगे तेथे फारसे नाही. डोंगर नाही, अरण्य नाही. दुधनेच्या खोऱ्यातील काळी सपाट शेते क्षितिजापर्यंत पसरलेली असतात. परंतु रुळांच्या खडीपलीकडे, भरावाचा उतार जेथे संपतो तेथे, एक पांढरट रेघ गाडीबरोबर धावताना दिसेल. मध्येच ती बाभळीआड जाते, मध्येच एखाद्या मोरीपाशी खाली उतरून पुन्हा वर येते. ढेंगळी पिंपळगाव मागे पडते, मानवत रोड येते, देवळगाव अवचार जाते, पेडगाव येते. रेघ मधूनमधून तुटते, पण आपली संगत सर्वस्वी सोडीत नाही. ही पाऊलवाट कोणी बांधलेली नाही. ती पायांनी झालेली आहे. शाळेत जाणारी मुले, दुधाची किटली घेऊन स्टेशन गाठणारा गवळी, कापूस वेचावयास निघालेल्या बाया, परगावाहून लेकीकडे आलेली म्हातारी, आणि ज्याचे कामच रुळांवरून चालणे असा गँगमन, या सर्वांनी ती मिळून पाडली आहे.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकास वाटेल की, चालावयास शेते मोकळी पडली असता माणसे या धोक्याच्या शेजारास का जातात? त्याचे उत्तर परभणीच्या मातीत आहे. ही कापसाची काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते आणि मृगाच्या दोन सरी पडल्या की फुगून लोण्यासारखी होते. मग तीत पाऊल टाकावे, तर वहाण जागच्या जागी राहते आणि पाय तेवढा वर येतो. बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. चार महिने खेडे आणि हमरस्ता यांच्यामध्ये जणू एक न दिसणारी नदी वाहत असते. अशा मुलुखात मुरुमाचा भराव घातलेली एकच कोरडी पट्टी गावामागून गाव जोडीत जाते, आणि ती म्हणजे लोहमार्ग. लोकांनी ती वाट निवडली यात त्यांचा काही अविचार नाही. निवडीस दुसरे काही शिल्लकच नव्हते.

हा मार्ग १९०० च्या सुमारास झाला. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत मीटर गेजचे रूळ आले, तेव्हा भरावासाठी दोन्ही अंगांना मुरूम व माती खणली गेली. ते खड्डे पुढे पावसाने भरू लागले, आणि खड्ड्यांच्या व शेतांच्या मधली अरुंद कड ही आपोआप वाट झाली. १९३० साली निजाम सरकारने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि २००३ पासून नांदेड विभागाकडे आहे. कागदावरील धन्याचे नाव इतक्यांदा बदलले, पण वाटेने चालणारांना त्यातील एकाचीही वार्ता पोहोचली असेल असे मला वाटत नाही. त्यांना कळला तो एकच बदल. १९९० नंतरच्या दशकात ब्रॉडगेज झाले आणि गाडी वेगाने येऊ लागली. जुनी गाडी मैलभर आधी ऐकू येई. वृद्ध मनुष्यही आपले बोचके आवरून बाजूस होई.

गेल्या मार्गशीर्षात मानवत रोड स्टेशनापासून सेलूच्या अंगाने मी सुमारे तीन कोस चाललो. रेल्वेच्या हद्दीचे दगड रोवलेले आहेत. त्यांच्या बाहेरून, शेतांच्या बांधावरूनच जावयाचे असा नेम मी केला होता. तो पाळताना जे दिसले ते सांगण्यासारखे आहे. हद्दीचा दगड आणि बांध यांच्यामध्ये कोठे दहा हात जागा आहे, तर कोठे वीतभरही नाही. काही शेतकऱ्यांनी नांगर दगडापर्यंत नेला आहे. तेथे वाट अंग चोरून रेल्वेच्या हद्दीत शिरते आणि पुढच्या बांधापाशी परत बाहेर येते. थोडक्यात, या वाटेस दोन धनी आहेत आणि दोहोंपैकी कोणीही तिला आपली म्हणत नाही. तूर फुलावर होती. वेचणीचा कापूस ओंजळीत घेऊन उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईस मी विचारले, “मावशी, ही वाट कोणाची?” तिने मान वर न करता सांगितले, “वाट चालणाराची, गुरुजी. हद्द तेवढी त्यांची हाय.” कायद्याच्या पदवीधरानेही हा प्रश्न याहून नेटका मांडला नसता.

पुढे तिनेच आणखी एक गोष्ट समजावून दिली. तिचे शेत रुळांच्या पलीकडे आहे. पूर्वी समोरच फाटक होते, पण त्यावर माणूस नव्हता. ब्रॉडगेजवरील अशी बिनराखणदाराची सर्व फाटके जानेवारी २०१९ अखेर देशभर काढून टाकण्यात आली. ते योग्यच झाले, कारण त्या फाटकांनी असंख्य बळी घेतले होते. परंतु फाटक गेले आणि त्याऐवजी रुळांखालून जाणारा भुयारी रस्ता लांब झाला. त्यात काळ्या मातीचे पाणी पावसाळाभर साचून राहते. म्हणून पलीकडे जावयाचे तर आता रुळांच्या कडेकडेने पुढच्या कोरड्या ओलांडणीपर्यंत जावे लागते. “पावसाळ्यात शेत पाय टाकू देत न्हाई, आन् पुलाखालून पाणी जाऊ देत न्हाई,” असे ती म्हणाली. सुधारणेने उभी वाट बंद केली, तिनेच आडव्या वाटेची गरज वाढविली, ही गोष्ट कोणत्याही कचेरीच्या टिपणात मला आढळलेली नाही.

याच मार्गावर, परभणीहून पश्चिमेस, बदनापूर व करमाड या स्टेशनांच्या दरम्यान ८ मे २०२० रोजी पहाटे जे घडले ते वाचकांच्या स्मरणात असेल. टाळेबंदीत काम सुटलेले मध्य प्रदेशातील मजूर जालन्याहून रुळांच्या कडेने भुसावळच्या दिशेने निघाले होते. घरी नेणारी गाडी भुसावळास मिळेल ही त्यांची आशा होती. रात्रभर चालून ते थकले आणि गाड्या बंद आहेत अशा समजुतीने रुळांवरच निजले. मालगाडी आली आणि १६ माणसे गेली. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र तेव्हा घरोघर पाहिले गेले, आणि मग आपण सर्वांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. त्या रात्री ते हमरस्ता सोडून रुळांकडे का वळले याची चर्चा पुष्कळ झाली. रुळांच्या बाजूस, हद्दीबाहेर, त्यांना पाठ टेकण्यापुरती कायदेशीर वाट असती तर, हा विचार मात्र फारसा कोणी केला नाही. मी असे म्हणत नाही की, वाट असती तर ते निश्चित वाचले असते. माणूस रुळांच्या आधाराने दिशा शोधतो, आणि दमला की जेथे आहे तेथेच बसतो, एवढेच मला म्हणावयाचे आहे. ही सवय आदेशाने जाणारी नव्हे.

आता हा प्रश्न निकडीचा झाला आहे. ३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरणास मंजुरी दिली. परभणीहून मुदखेडपर्यंतची दुसरी लोहवाट आधीच झालेली आहे. आता पश्चिमेची पाळी. या मुलुखास तिची आवश्यकता आहे याबद्दल दुमत नसावे. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीची वाट पाहत आडस्टेशनावर तास तास बसण्याचा कंटाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना मी वेगळे सांगावयास नको. परंतु दुसरा मार्ग टाकावयाचा तो शेजारच्या पट्टीवरच. आज ज्या कडेवर पाऊलवाट आहे तेथे नवा भराव पडेल. हद्दीचे दगड जेथे सरकतील तेथे शेतांत सरकतील, आणि वाटेस मधला जो दोन-चार हातांचा अवकाश होता तो मिटेल. कुंपण झाले तर प्रश्नच संपला. ज्या वाटेची कोठे नोंद नाही, ती नाहीशी झाल्याचीही कोठे नोंद होत नाही.

आमच्या प्राचीन शास्त्रकारांना वाटेचा प्रश्न क्षुद्र वाटत नव्हता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाटेवर कोणास आधी जाऊ द्यावे त्याचा क्रम लावला आहे. रथात बसलेला, नव्वदी उलटलेला, रोगी, भार वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि वर, यांना इतरांनी वाट द्यावी असे त्यात सांगितले आहे. चाकांवरचा मनुष्य त्यात पहिला येतो, तेव्हा आगगाडीस तक्रारीस जागा नाही. पण तिच्या मागोमाग जी यादी येते तीत मानवत रोडच्या वाटेवरची बहुतेक मंडळी बसतात. कौटिल्याची दृष्टी अधिक व्यवहारी. त्याने शेळ्यामेंढ्या व माणसे यांच्या वाटेस दोन अरत्नी, म्हणजे सुमारे दोन हात, रुंदी नेमून दिली; आणि अशी वाट अडविणारास १२ पण, तर मोठ्या जनावरांची वाट अडविणारास २४ पण दंड ठरविला. दोन हातांची वाट, पण तिला माप आहे, आणि ती अडविली तर किती पण मोजावे लागतील तेही सांगितले आहे. वाट टिकते ती या दोन गोष्टींवर.

आजच्या कायद्यात माप आणि दंड दोन्ही आहेत, परंतु ते पाहण्यासाठी निरनिराळी पुस्तके उघडावी लागतात. १९८९ च्या रेल्वे कायद्यात हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तेव्हा रेल्वेच्या पट्टीवरच वाट मागावी हा विचार आरंभीच सोडून द्यावा. माझ्या मते तो सोडणे इष्टही आहे. वेगाने धावणाऱ्या गाडीच्या हाताच्या अंतरावर मुलांनी शाळेस जावे, हे हक्काने मिळाले तरी घेऊ नये. त्याच कायद्यात दुसरीही एक तरतूद आहे. लोहमार्गाने ज्यांच्या जमिनी दुभंगल्या त्यांच्यासाठी ओलांडण्या, मोऱ्या, जाण्यायेण्याचे मार्ग रेल्वेने स्वखर्चाने करून द्यावेत. मात्र मार्ग खुला झाल्यापासून दहा वर्षे उलटली की अधिक कामाचा खर्च रेल्वेवर लादता येत नाही, तो मागणाराने किंवा सरकारने सोसावा लागतो. आमच्या मार्गाची दहा वर्षे आमच्या आजोबांच्या काळीच संपली. कोणी काही मागितले होते की नाही, देव जाणे.

वहिवाटीचे काय, असा प्रश्न येथे सहज निघतो. गावातील वडीलधारे म्हणतात, “शंभर वर्षे चालतो आहोत, आता हक्क झालाच की.” तसे सरळ नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे खाजगी जमिनीवरून उघडपणे, तंटा न होता आणि हक्क म्हणून २० वर्षे जाण्यायेण्याची वहिवाट झाली तर अधिकार पक्का होतो. जमीन सरकारची असेल तर ३० वर्षे लागतात. परंतु हा अधिकार एका शेताचा दुसऱ्या शेतावर असतो; गावच्या सर्व लोकांची सार्वजनिक वाट ही निराळी वस्तू आहे. ती रूढीने सिद्ध करावी लागते, किंवा जमिनीच्या धन्याने ती लोकांस समर्पिली असे दाखवावे लागते. शिवाय ज्या ठिकाणी पाऊल टाकणेच गुन्हा ठरविले आहे तेथे हक्क म्हणून चालण्याची भाषा टिकणे कठीण. चालणारांची शंभर वर्षे ही साक्ष आहे, दस्तऐवज नव्हे.

दस्तऐवज कोठे सापडेल? पहिला भूमी अभिलेखाच्या कचेरीतील गावनकाशा. त्यावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने व पायमार्ग एकेरी तुटक रेषेने काढलेला असतो, आणि एकेरी तुटक रेषेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. हा आकडा विचित्र वाटेल. पण मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची, तिचा चौथा हिस्सा म्हणजे सव्वाआठ. ज्या गावच्या नकाशावर लोहमार्गालगत अशी रेषा आहे त्याचे निम्मे काम झाले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे, खाजगी मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते व पाऊलवाटा सरकारच्या आहेत. ती रेषा कोणी नांगरली असेल तर तहसीलदाराकडे जाता येते. चालू वाट नुकतीच कोणी अडविली असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आमचे लोक पहिले पाच महिने समजुतीच्या बैठकीत घालवितात. रेषाच नसेल, तर शेताच्या बांधावरून जाण्याचा हक्क संहितेच्या १४३ व्या कलमाखाली मागता येतो, पण तो शेतकऱ्यास आपल्या शेतापर्यंत जाण्यापुरता. त्याने स्टेशनास जाणारी शाळकरी मुलगी हक्कदार होत नाही.

राहिला संमतीचा मार्ग, आणि माझा सारा भर त्यावर आहे. २०२५ च्या मे महिन्यात राज्य सरकारच्या महसूल खात्याने शेतरस्त्यांविषयी जो निर्णय काढला, त्यात असे रस्ते सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंदविण्याचे सांगितले आहे. या रकान्याचे महत्त्व शहरात वाढलेल्या पिढीस ठाऊक नसते. मालकीचा रकाना जमीन कोणाची हे सांगतो, आणि इतर हक्काचा रकाना त्या जमिनीवर आणखी कोणाचे काय चालते ते सांगतो. वाट येथे नोंदली म्हणजे जमीन ज्याची त्याचीच राहते. विकली तरी वाट विकत घेणाराच्या गळ्यात राहते, आणि भूसंपादनाचा अधिकारी मोजणीस आला तर त्याच्या हातातील कागदावर ती असते. हे शेवटचे विशेष ध्यानात धरावे. रेल्वे कायद्यात २००८ साली जे भूसंपादनाचे प्रकरण घातले गेले, त्याखाली जेथे जमीन घेतली जाईल तेथे अधिसूचनेपासून ३० दिवसांत हितसंबंधी मनुष्यास हरकत नोंदविता येते; आणि त्या जमिनीवर सुविधाधिकार असणाराही हितसंबंधी गणला आहे. कागद असेल त्याचे म्हणणे ऐकले जाईल. केवळ पाय असतील त्याचे ऐकले जाईल असे कोठे लिहिलेले नाही.

दुसऱ्या देशांतही हा तंटा झाला आहे आणि तेथील अनुभव बोधप्रद आहे. अमेरिकेत जुने लोहमार्ग ओस पडू लागले तेव्हा १९८३ च्या एका कायद्याने अशी पट्टी मोडू न देता पुढील काळासाठी राखून ठेवावी आणि तोवर तीवरून लोकांनी पायी फिरावे, अशी सोय केली. शेजारचे जमीनदार म्हणाले, आमच्या पूर्वजांनी जमीन आगगाडीसाठी दिली होती, फिरावयास नव्हे. गाडी गेली, जमीन परत द्या. व्हरमाँट संस्थानातील असा एक दावा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १९९० मध्ये कायदा उचलून धरला गेला. मात्र जमीनदारास भरपाई मागण्याचा मार्ग मोकळा ठेवला. पुढे २०१४ मध्ये वायोमिंग संस्थानातील दाव्यात निकाल जमीनदाराच्या बाजूने लागला, कारण १८७५ च्या कायद्याने रेल्वेस मिळाली होती ती मालकी नव्हे, केवळ जाण्याचा हक्क. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कागदावर कोणता शब्द लिहिला होता यावर नातवंडांची वाट ठरली.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस ही गोष्ट मुळीच नवीन नाही. वाड्याची वाटणी करताना शहाणे पंच काय करीत, आठवून पाहावे. खणांची वाटणी होई, भांड्यांची होई. पण विहिरीकडे, परसाकडे आणि दिंडी दरवाजाकडे जाणारा बोळ ‘सामायिक’ म्हणून वाटणीपत्रात लिहीत. ज्या घरी हे लिहावयाचे राहिले, त्या घरी तिसऱ्या पिढीत भिंत उठली आणि चुलत जावा शेजाऱ्यांच्या अंगणातून पाणी आणू लागल्या. बोळाची जागा ती किती? पण सगळ्या वाड्याचा जीव त्यात असतो.

लोहमार्गालगतच्या वाटेसही जागा फार लागत नाही. मी शाळामास्तर, हिशेब करून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. सव्वाआठ फूट रुंदीची वाट एक किलोमीटर न्यावयाची तर सुमारे २५ गुंठे लागतात, म्हणजे पाऊण एकरही नाही. १३२ फूट लांबीस एक गुंठा, असे गणित तोंडी करता येते. तथापि हे २५ गुंठे कोणा एकाचे नसतात, आणि ज्याची दीड एकर जमीन आहे त्याचे तीन गुंठे जाणे ही थट्टा नव्हे. त्याची हरकत स्वार्थाची म्हणून उडवून लावणारे लोक बहुधा नोकरदार असतात. वाट झाली की हरभऱ्याची डहाळी जाते, तुरीच्या शेंगा जातात, शेळ्या शिरतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अशा लहान धन्यास मोबदला मिळाला पाहिजे, आणि तो देण्याची रीत आपल्या राज्यात अपरिचित नाही. आळंदी व देहू येथून पंढरपुरास जाणाऱ्या पालखी मार्गांच्या कामाचा पाया ८ नोव्हेंबर २०२१ रोजी घातला गेला, त्या योजनेत रस्त्याच्या कडेने वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट धरलेली आहे. पायी चालणारासाठी राजमार्गालगत जागा राखता येते हे तेथे मान्य झाले. आमच्या परभणी-गंगाखेडावरून शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दरवर्षी जाते, जनाबाईचे गंगाखेड तर गोदेकाठीच आहे. चालणाराचा मान या जिल्ह्यास शिकवावा लागेल असे नाही.

परंतु मोठ्या खातेदारांचा, आणि त्याहूनही गावाबाहेर राहणाऱ्या खातेदारांचा विचार निराळा. या मासिकाचे वाचक ज्या घरांतील आहेत, त्यांतील पुष्कळांची नावे मराठवाड्यातील कुठल्या ना कुठल्या सातबाऱ्यावर अद्याप आहेत. कूळकायद्यानंतर उरलेली पाच-सात एकर जमीन, बटाईने दिलेली. वारस पुण्यास, मुंबईस, परदेशी. तलाठ्याचे पत्र जुन्या पत्त्यावर जाते आणि परत येते. वाट अडते ती अशा ठिकाणी. विरोधाने नव्हे, तर उत्तरच न आल्याने.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. मानवत रोड आणि ढेंगळी पिंपळगाव यांच्या दरम्यान आमच्या घराण्याचे एक शेत लोहमार्गास लागून आहे. रुळांच्या बाजूची त्याची लांबी ५२८ फूट. वरील हिशेबाने वाटेस बरोबर चार गुंठे. सातबाऱ्यावर नावे नऊ. मी प्रत्येकास स्वहस्ते पत्र लिहिले आणि सोबत नकाशाची प्रत जोडली. मालकी जात नाही, केवळ लोकांचा पायी जाण्यायेण्याचा हक्क नोंदवावयाचा, मोबदला नको, अशी मागणी होती. पुण्याच्या पुतण्याचे उत्तर आठ दिवसांत आले. “काका, सही करतो, पण उद्या रेल्वेने जमीन घेतली तर मोबदला कमी होईल काय, हे आधी विचारून घ्या,” असे त्याने लिहिले. प्रश्न रास्त होता. मी वकिलांस विचारून त्यास कळविले की, वाट जितक्या जागेत आहे तितक्यापुरता वाद निघू शकेल. बाकीच्या शेतास त्याची झळ नाही. त्याने सही केली. अमेरिकेतल्या पुतणीने तेथील वकिलातीपुढे मुखत्यारपत्र करून पाठविले, त्यास अडीच महिने लागले. एका चुलतभावाशी आमचे वीस वर्षे बोलणे नव्हते. त्याने पत्राचे उत्तर दिले नाही, पण संमतिपत्र सही करून टपालाने धाडले. त्यातच माझ्या पत्रातील एक शुद्धलेखनाची चूक तांबड्या शाईने दाखविलेली होती. चूक नव्हती, तो विकल्प होता, परंतु तो वाद मी वाढविला नाही.

अशा आठ सह्या झाल्या. नववी आमच्या थोरल्या वहिनींची. त्यांचे वय ८४. त्या सेलूस असतात. मी कागद घेऊन गेलो, वाचून दाखविला, नकाशावर बोट ठेवून वाट कोठून कोठे जाते ते सांगितले. त्या बराच वेळ नकाशाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, विहीर कुठे आहे यात?” मी दाखविली. विहीर वाटेपासून आत आहे. “वेचणीच्या बायका दुपारी पाण्याला कुठे जायच्या ते तुम्हाला ठाऊक नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून याच विहिरीवर येताहेत. वाट लिहायची आणि पाणी लिहायचे नाही, हे काय लिहिणे झाले?” त्यांनी कागद बाजूस ठेवला आणि चहा सांगितला.

मी दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊन टेप लावला. वाटेपासून विहिरीच्या काठापर्यंत ६६ फूट भरले, म्हणजे आणखी अर्धा गुंठा. आता आधीच्या आठही जणांस पुन्हा लिहिणे आले, आणि अमेरिकेचे मुखत्यारपत्र चार गुंठ्यांपुरतेच असल्याने तेही नवे लागेल. मोजणीदाराने नकाशा परत नेला असून, विहिरीपर्यंतचा फाटा आखून येत्या पंधरवड्यात आणून देतो असे त्याने सांगितले आहे.